पुस्तकातली ओडा

आमच्या हेमलतेला बेंगळुरातल्या चामराजपेटेतली निम्मी पोरं एकेकाळी ‘ओडा’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागं. तिला ते ठाऊक होतं. मी एकदोघांचे कान पिरगाळले, तर मलाच म्हणाली, “सोड गं कृष्णवेणी, पोरं आहेत.” मी काही सहजासहजी सोडणारी नव्हे. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू मरेपर्यंत सांगत होती, आणि तिच्या सगळ्या तक्रारींत तेवढी एकच खरी होती.

ओडा म्हणजे सिनेमातली बाई. परदेशातल्या कुणीतरी लहान मुलांसाठी फार वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली, तिच्यावर सिनेमे निघाले. आम्ही कादंबरी कधी डोळ्यांनी बघितली नाही, सिनेमे मात्र तीन बघितले. पहिला काळा-पांढरा, इंग्रजी. शाळेनं ओळीनं चालवत नेऊन दाखवलेला. एक अक्षर कळलं नाही, पण रडलो सगळ्या. दुसरा कन्नडमधला, गाण्यांसकट, टीव्हीवर रविवारी संध्याकाळी लागायचा. त्यातल्या ओडाला गालावर तीळ होता आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिसरा हल्लीचा, कार्टूनचा. त्यात तर बाईला हिरवं तोंडच दिलंय.

गोष्ट तिन्हींत एकच. नदीकाठी पाणचक्की असते, तिथं ही ओडा पीठ दळत असते. तिचा भाऊ आपली लहान पोर, तिल्दा, तिच्यापाशी ठेवून बोटीवर कामाला जातो आणि वसंतात मोठ्या बोटीनं न्यायला येतो म्हणून सांगतो. बोट येण्याच्या दिवशी ओडा पोरीला पिठाच्या माळ्यावर कोंडते. बोट धक्क्याला लागते, बाप हाका मारतो, तिल्दा खिडकीतून पोत्यांवर उडी टाकते, धावते, बापाच्या गळ्यात पडते. ओडा पाय घसरून चक्कीच्या पाण्यात पडते. लोक टाळ्या वाजवतात. मीसुद्धा वाजवल्यात, खोटं कशाला बोलू.

आता तुम्ही म्हणाल, कादंबरी होती तर वाचली का नाही. अहो, आम्ही मराठी खरे, पण बोलण्यापुरते. आमचे पूर्वज कधी या गावात आले ते कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी बोलायची, भांडायची, पाळण्यात गायची. लिहायची वेळ आली की अक्षरं कन्नड. गणपतीची आरतीसुद्धा आमच्या घरी कन्नड अक्षरांत लिहिलेली आहे. मराठी ही छापायची, मांडीवर घेऊन वाचायची भाषा आहे हे आमच्या डोक्यातच नव्हतं. त्यामुळं जे काही मोठं, सुंदर, दूरदेशीचं आमच्यापर्यंत आलं, ते पडद्यावरूनच आलं.

हेमलता माझी मामेबहीण, आणि भिंतीला भिंत लागून शेजारीणही. साड्यांना फॉल-पिको करते, पदराला रेशमी गोंडे बांधते, ज्याला इथं कुच्चु म्हणतात. चिकपेटेतल्या दुकानांतून साड्यांचे गठ्ठे येतात, झाले की ऑटोनं परत जातात. तिचा धाकटा भाऊ संताजी. तो तापानं गेला तेव्हा त्याची बायको अगदी कोवळी होती. तिच्या माहेरच्यांनी तिला नेलं आणि सोलापूरकडं दुसरं लग्न लावून दिलं. नव्या घरची अट होती, मूल आणायचं नाही. मूल म्हणजे मनस्विनी, आमची मनू. ती हेमलतेजवळ राहिली. मनू तिला अक्काच म्हणायला लागली, बाप म्हणायचा म्हणून. हेमलतेला त्यानंतर एक चांगलं स्थळ आलं होतं. त्यांनाही पोर नको होती. हेमलतेनं चहा दिला, बिस्किटं दिली आणि त्यांना वाटेला लावलं. यातलं मनूला काही ठाऊक नव्हतं.

मनू आठेक वर्षांची असताना सोलापूरहून निरोप आला की आई युगादीला, म्हणजे पाडव्याला, भेटायला येणार. पोरीनं आठवडाभर कुणाला झोपू दिलं नाही. हेमलतेनं पिवळा झगा शिवला. आणि युगादीच्या सकाळी आमच्याकडं फोन वाजला. गल्लीत फोन फक्त आमचा, कारण माझे यजमान टेलिफोन खात्यात. मी उचलला, हेमलतेला हाक मारली. ती आली, ऐकत राहिली, अधूनमधून हळू आवाजात काहीतरी बोलली, फोन ठेवला. “येत नाही ती,” म्हणाली. मग माझा हात धरून देवासमोर नेलं आणि शपथ घातली, मनूला कधी सांगायचं नाही.

मी म्हटलं, “शहाणी आहेस. सांगून टाक की.”

तर म्हणते, “आत्यानं अडवलं म्हणून पोर आत्यावर रागावेल. आत्यावर रागावता येतंय. आईवर रागावून ती कुठं जाईल?”

मग तिनं दाराला कुलूप घातलं आणि रडणाऱ्या मनूला ओढत चिकपेटेला घेऊन गेली. पोरगी पिवळा झगा घालून दिवसभर पायरीवर बसेल आणि गल्ली बघेल, ते हेमलतेला नको होतं. संध्याकाळी परत आल्यावर मनूनं मला विचारलं, “आई येऊन गेली का?” मी शपथेला बांधलेली. म्हटलं, “मी आत होते, मला ठाऊक नाही.” पोरीनं ठरवून टाकलं, आई आली, कुलूप बघितलं आणि गेली. त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर तो किल्ल्यांच्या जुडग्याचा सिनेमा लागला. दुसऱ्या दिवसापासून हेमलतेचं नाव ओडा पडलं. ठेवलं कुणी, ते काय सांगायला पाहिजे?

पोरगी शिकली, नोकरीला लागली, इंदिरानगरला राहायला गेली. नवरा मुकुल, पुण्याचा. पोरगा सोन्यासारखा आहे, मराठीपेक्षा इंग्रजी जास्त बोलतो एवढंच. मनू सणाला यायची, फळं ठेवायची, खुर्चीच्या टोकावर बसून चहा प्यायची. काही वर्षांपूर्वी आई तिकडं वारल्याचं कळलं, तेव्हा मात्र ती आली आणि हेमलतेला म्हणाली, “एकदा भेटू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?” हेमलता चहा ठेवायला आत गेली. त्यानंतर सणाचं येणंही कमी झालं. हेमलतेला या जन्मात दुसरं काही नको होतं, फक्त मनूनं एकदा नीट जवळ यावं. आणि ज्या एका वाक्यानं ती आली असती, ते वाक्य ही बाई बोलायला तयार नव्हती. मला असा संताप यायचा की भिंतीवर डोकं आपटावं, तिचं.

यंदा मे महिन्यात मनूची अडचण झाली. तिच्या लेकीला, ईराला सांभाळणारी बाई गावी गेली, मुकुलला ऑफिसनं दिल्लीला पाठवलं. नाइलाजानं मनू रोज सकाळी मेट्रोनं पोरीला आणून सोडायला लागली. ईरा चौथीत. पहिल्या दिवशी पिशवीतून तिनं एक जाड पुस्तक काढलं. पाठीला चिकटपट्टी लावलेलं, मराठी. मुकुलचं लहानपणचं. पोरीनं सुट्टीत मराठी वाचलंच पाहिजे हा त्याचा हट्ट. शाळेत हिंदी असल्यानं तिला अक्षरं येतात.

हेमलतेनं वरचं चित्र बघितलं. नदी, चक्की, दारात एक बाई.

“हे नको,” ती म्हणाली. “मी बघितलंय तीनदा. शेवटी ती पाण्यात पडती.”

“अज्जी, बाबा म्हणाला बुकमध्ये वेगळं असतं.”

“काय वेगळं असणार? पडायची ती पडणारच.”

पण पोरीला नाही म्हणणार कोण. मोठ्यानं वाच म्हणाली आणि मशीनवर बसली.

त्या दुपारी मला अजून आठवल्या की अंगावर झोप आल्यासारखं होतं. खोलीत दोरीवर साड्या सोडलेल्या असायच्या, निळ्या, मोरपंखी, एखादी पांढरी. पंख्याच्या वाऱ्यानं हलत राहायच्या. त्यांच्याखाली चटईवर ईरा पालथी पडून वाचायची, प्रत्येक जोडाक्षराला थांबत. मशीन घरघरायचं. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंही नाही. मी ताकाचा तांब्या घेऊन आपली पाच मिनिटांसाठी जायची आणि पोरीच्या आवाजावर डोळे जड व्हायचे. थोड्या वेळानं मला कळायचं नाही की घरघर मशीनची आहे की चक्कीच्या चाकाची. पांढऱ्या साडीच्या पलीकडं धुकं असेल असं वाटायचं. एकदा तर मी पाय आखडून घेतले, खाली पाणी आलं म्हणून.

तर पुस्तकातली ओडा सिनेमातल्यासारखीच तापट होती. पोरीला शिळा पावच द्यायची. पण सिनेमा तिथंच पुढं जातो. पुस्तकात पुढच्या ओळीत लिहिलं होतं की ताज्या पिठाचा पाव गिऱ्हाइकाला गेला, शिळा पोरीला दिला, आणि ओडा हात धुऊन नुसती कामाला लागली.

मशीन थांबलं. “परत वाच,” हेमलता म्हणाली.

ईरानं परत वाचलं.

“म्हणजे ती जेवलीच नाही?”

“असं नाही लिहिलेलं, अज्जी.”

“नाही कसं? तेच तर लिहिलंय.”

त्या दिवसापासून हेमलता वेगळीच वागायला लागली. सकाळी पालेभाजी निवडताना मला विचारते, “आज नदीवरचं बर्फ सुटलं असेल काय?” मी म्हटलं, “कुठली नदी गं? आपली वृषभावती?” आमच्या बेंगळुरात नदी म्हणजे ती एक, जवळून जाताना नाकाला पदर लावावा लागतो. ती हसली नाही. तिचं लक्ष दुपारकडं होतं. रोज एक प्रकरण वाचायचं, जास्त नाही, असं तिनंच ठरवलं. पुस्तक संपायला नको होतं तिला. इतकी वर्षं ज्या बाईचं नाव शिवीसारखं अंगाला चिकटलं होतं, तिच्या घरात ही आता दुपारी जाऊन बसायची. ओडाच्या हातांना थंडीनं भेगा पडलेल्या असायच्या, आणि आमची बाई मेमधल्या उन्हात आपले हात चोळायची.

मग बोटीचं प्रकरण आलं.

मला वाटत होतं, आता कोंडणार, आता खिडकी फुटणार. कोंडलं खरं. पण पुस्तक पोरीबरोबर माळ्यावर थांबलं नाही, ओडाबरोबर खाली उतरलं. आदल्या दिवशी एका नावाड्यानं ओडाला सांगितलेलं असतं की मोठी बोट इथं थांबणार नाही, तुझ्या भावानं थांबवू नका म्हणून सांगितलंय. ओडा एकटी धक्क्यावर जाऊन उभी राहते. धुक्यातून बोट येते. कठड्याशी भाऊ असतो, तोंड पलीकडच्या काठाकडं केलेला. बोट जाते. ओडा पाणी निवळेपर्यंत उभी राहते, मग वर जाऊन कडी काढते आणि पोरीला म्हणते, “हट्ट करत होतीस, म्हणून कोंडलं.”

ईरा वाचायची थांबली. “हे तर मूव्हीत नव्हतं. बोट थांबलीच नाही.”

हेमलतेचं मशीन मात्र चालू होतं, आणि मी बघितलं तर बाईनं महागड्या कांजीवरमला फॉल सुलट्या बाजूनं लावत आणला होता. आयुष्यात तिच्याकडून असं झालं नव्हतं. मी साडी हातातून काढून घेतली. ती भिंतीकडं बघत बसली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते पुसायचं असतं हे ती विसरली होती. मलाही रडू आलं. पोरगी बिचारी एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी मनू दारातच उभी राहून पोरीच्या चपला शोधत होती. ईरा तिला म्हणाली, “मम्मा, ओडा वाईट नाहीये. बोट थांबणारच नव्हती, ते तिला माहिती होतं. तिल्दाला बॅड वाटू नये म्हणून तिनं लॉक केलं.”

मनूचा हात चपलेवरच राहिला. एक क्षण हेमलतेकडं बघितलं. हेमलता उसवायच्या फॉलमध्ये मान घालून बसलेली. मनू पोरीला घेऊन गेली, पुस्तकही पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. हेमलता दारात जाऊन जाऊन येत होती. “पुस्तकाचं राहिलंय थोडं,” म्हणाली मला. जणू हिला पुस्तकाचीच काळजी. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऑफिसच्या वेळेला, मनू एकटीच आली. ईराला मैत्रिणीकडं ठेवलं होतं. मी तिथंच होते, ताक घेऊन. मी उठायला लागले, तर मनू म्हणाली, “बस आत्या.”

ती चटईवर बसली, साड्यांखाली, ईरा बसायची तिथं. पर्समधून पुस्तक काढून पुढ्यात ठेवलं.

“अक्का,” ती म्हणाली, “त्या युगादीला आई आली होती?”

मी मनात म्हटलं, सांग बाई आता, देव तुझ्या दारात आलाय. पण हेमलतेनं मशीनचं चाक फिरवलं आणि मान वर न करता म्हणाली, “आली असणार की. मी कुलूप घालून गेले होते. तू हट्ट करत होतीस, म्हणून.”

मनूनं पुस्तक उघडलं, शेवटचं पान. तिलाही मराठी अक्षरं सवयीची नाहीत, सावकाश वाचायला लागली. तिल्दा आता मोठी झाली आहे. खूप वर्षांनी चक्कीवर आली आहे आणि विचारते, त्या दिवशी बोट थांबली होती का. म्हातारी ओडा पीठ झटकत म्हणते, “थांबली होती तर. तू हट्ट करत होतीस, म्हणून मी तुला कोंडलं.”

चाक थांबलं. हेमलता हळूच खाली उतरली, मनूशेजारी बसली, चष्मा लावला. “असं छापलंय?” म्हणाली. पुस्तक ओढून घेतलं आणि बोट ठेवून, शाळेतल्या हिंदीच्या आठवणीवर एकेक अक्षर लावत ती ओळ स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

“पुढं? पोरगी काय म्हणाली?”

“काही नाही. पुस्तक इथंच संपतं.”

“असं कसं संपतं?” हेमलतेला खरंच राग आला. “तिनं काहीतरी विचारायला पाहिजे की नको?”

“मी विचारते,” मनू म्हणाली. “फोन आला होता?”

हेमलतेनं माझ्याकडं बघितलं. मी तीस वर्षांची शपथ ताकात बुडवली. “आला होता,” म्हटलं. “आमच्या घरी. मीच उचलला.”

 पंखा फिरत होता, मोरपंखी साडीचं टोक मनूच्या खांद्याला लागून परत जात होतं. शेवटी मनूनं विचारलं, “काय म्हणाली आई?”

“येत नाही म्हणाली. त्या घरच्यांना चालणार नाही, परत कधीच जमणार नाही.”

“आणखी?”

हेमलता पुस्तकाच्या पाठीची चिकटपट्टी दाबत बसली. जे पुढं सांगितलं, ते इतक्या वर्षांत मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

“तुझे केस किती वाढलेत विचारली. कमरेपर्यंत आलेत म्हटलं. मग विचारली, वेणी कोण घालतंय. म्हटलं, मी घालते. बरं म्हणाली आणि फोन ठेवला.”

 मनूनं पदर नाही म्हणून ओढणीनं तोंड पुसलं आणि कशीबशी म्हणाली, “पण अक्का, तेव्हा तर उवा झाल्या म्हणून तू माझा गोटा केला होतास.”

“हो,” हेमलता म्हणाली. “वाढल्यावर घातलीच की रोज.”